मसाल्याची पारख



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला बोलावला की तो वेतनकरार, बोनस नाहीतर कामगार कायदा यांवर बोलणार, अशी चालकांची अपेक्षा असते; आणि ती गैर नाही. म्हणूनच आम्ही ‘मसाल्याची खरेदी’ असा विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी दोनदा खात्री करून घेतली. विषय बरोबर आहे. आमची तीसएक वर्षे मुंबईच्या मसाला बाजारातले हमाल, मापाडी आणि माल निवडणाऱ्या बायका यांच्यात काम करण्यात गेली, आणि त्याआधीची लालबागच्या एका चाळीत, मिरची गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, वाचनालयात आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून झाले. तेव्हा ह्या एका विषयात आमचा अधिकार अगदीच उसना नाही.

दुसरे कारण ऋतूचे. वसंत हा व्याख्यानांचा ऋतू खरा, पण आपल्या घरांतून तो त्याआधी मिरच्या वाळविण्याचा ऋतू आहे. वर्षाचा मसाला चैत्र-वैशाखात का करतात, असे आम्ही अनेकींना विचारले. ‘आमच्याकडे तसेच करतात’ ह्यापलीकडे उत्तर मिळाले नाही. पण रीत बिनबुडाची नाही. हळद माघ-फाल्गुनात निघते, शिजते, वाळते. गुजरात-राजस्थानातले जिरे आणि धणे होळीच्या आगेमागे बाजारात उतरतात. केरळ-कर्नाटकातली मिरी थंडीच्या अखेरीस वेलावरून उतरते. ब्याडगीच्या पेठेत वाळल्या मिरचीची आवक हिवाळ्यात सुरू होते ती उन्हाळा लागेपर्यंत चालते. म्हणजे नवा माल हाताशी, हवा कोरडी, ऊन कडक आणि पाऊस दोन महिने दूर. ह्या चारही गोष्टी एका वेळी जुळतात त्या फक्त ह्याच दिवसांत.

आता मसाल्याच्या दुकानात शिरण्यापूर्वी एक घरची हकीकत सांगतो, म्हणजे ह्या विषयात आम्हांला इतकी आच का, हे कळेल.

1982 सालच्या 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे वडील साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर. आम्ही बारा वर्षांचे. चैत्र आला तेव्हा घरात तीन महिने पगार नव्हता. एरवी आई ह्या दिवसांत भिशीचे पैसे मोडून पाच किलो मिरची आणि तिच्या हिशेबाने धणे, खोबरे, खडा मसाला आणीत असे; चाळीच्या गच्चीवर राखण करायला आम्हांला बसवीत असे; आणि सगळे डंकावर नेऊन कुटून आणीत असे. त्या वर्षी ते जमले नाही. मग तिखटाच्या कागदी पुड्या येऊ लागल्या. आठवड्याला एक पुडी, कोपऱ्यावरच्या एका दुकानातून. आमटी लालभडक दिसे, पण जिभेला काही कळत नसे. आई एक चमच्याच्या जागी तीन घालू लागली. एके दिवशी धाकट्या भावाच्या शाळेच्या सदऱ्यावर आमटी सांडली. हळदीचा किंवा मिरचीचा डाग उन्हात टाकला की उडतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक असते. हा डाग दोन दिवस उन्हात राहून जसाच्या तसा. आईने सदरा उजेडाकडे धरला आणि म्हणाली, “ह्यो रंग भाजीचा न्हवं, कापडाचा हाय.”

तिचा नवरा कापड विणीत होता. कापडाचा रंग तिला ओळखता येत होता. ती पुडी कोणत्या रंगाने रंगविली होती हे आम्हांला आजही सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे की पुडीचा किलोला पडणारा भाव आईच्या दरवर्षीच्या मिरचीपेक्षा जास्त होता. ज्याच्याकडे एकरकमी पैसा नाही त्याला वस्तू महागही पडते आणि खोटीही मिळते. हे अर्थशास्त्र आम्ही पुढे पुस्तकांतून वाचले. पहिला धडा त्या सदऱ्याचा.

आता मसाला म्हणजे काय ते पाहू. लवंग ही फुलाची न उमललेली कळी, दालचिनी ही झाडाची साल, मिरी हे फळ, धणे-जिरे ही बियांसारखी दिसणारी फळे, जायपत्री हे जायफळाच्या बीवरचे जाळीदार वेष्टण, आणि दगडफूल तर फूलही नव्हे, दगडांवर आणि झाडांवर वाढणारे शैवाक. इतक्या निरनिराळ्या वस्तू एका डब्यात बसतात, कारण त्या सर्वांत हवेत उडून जाणारे सुगंधी तेल असते. किडीला, बुरशीला, चरणाऱ्या जनावराला दूर ठेवण्यासाठी झाडाने ते आपल्या सूक्ष्म पेशींत कोंडून ठेवलेले असते. लवंगेत हे तेल शेकडा 15 ते 20 असते, जिऱ्यात शेकडा 2 ते 4, तर धण्यांत शेकडा 1 सुद्धा क्वचितच. म्हणूनच मसाल्यात लवंग मोजून घालतात आणि धणे मापाने.

आपण मसाल्याचे पैसे देतो ते ह्या तेलाचे. बाकीचे सारे लाकूड, साल आणि टरफल. वस्तू अखंड आहे तोवर तेल कोंडलेले राहते. कुटली, दळली की लाखो पेशी एकदम फुटतात आणि तेल वाट धरते. उष्णता, उजेड आणि ओल ही त्याची घाई वाढवितात. मुंबईच्या ईस्ट इंडियन लोकांचा बाटली मसाला प्रसिद्ध आहे. तो ते बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. बाटली गडद असल्याने उजेड आत शिरत नाही आणि ठासल्याने हवा राहत नाही. कोणत्याही प्रयोगशाळेने ह्याहून बरी सूचना दिली नसती.

ह्यावरून एक चमत्कारिक गोष्ट निघते. आपण मसाल्याच्या दुकानाशी गेलो आणि रस्त्यावरच घमघमाट आला की म्हणतो, काय दुकान आहे! वास्तविक तो घमघमाट म्हणजे मालातून निघून गेलेले तेल. त्याचे पैसे तुम्ही देणार, आणि ते रस्त्याने जाणाऱ्याला फुकट. चांगल्या दुकानाची खूण वेगळी आहे. तिथे पोती तोंडे मिटून सावलीत असतात. दुकानदार मूठभर माल काढतो आणि पोते परत झाकतो. वास यावा तो तुम्ही वस्तू मोडल्यावर.

मसाल्याचेच स्वतंत्र दुकान कशाला, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे काय वाईट, असे कोणी विचारील. वाणी वाईट नाही. पण त्याच्याकडची लवंग महिन्यात पावशेर खपते आणि बरणी वर्षभर काचेतून ऊन खात उभी असते. मसाल्याच्या दुकानात तेच पोते आठ-पंधरा दिवसांत रिकामे होते. दुसरे, तिथे एकाच वस्तूच्या तीन-चार प्रती मांडलेल्या असतात, प्रत्येकीचा भाव निराळा. धणे घ्यायला गेलात आणि दुकानदाराने ‘कोणते?’ असे विचारले तर समजावे, ठिकाण बरोबर आहे. विचारावे, माल यंदाचा की गेल्या सालचा. शीतगृहातला जुना माल विकण्यात पाप नाही; तो नवा म्हणून नव्या भावाने विकण्यात आहे. आणि मोडून, चावून पाहू देतो की नाही ते पाहावे. जो दुकानदार लवंगेला नख लावू देत नाही त्याच्याकडे आम्ही दुसरे काही पाहत नाही.

लालबागच्या गल्लीत हा व्यवहार अजून पाहायला मिळतो. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले. पण उन्हाळ्यात बायका उपनगरांतून पिशव्या घेऊन येतात, मिरची निवडतात, मसाला भाजून घेतात, डंकाखाली कुटून नेतात. एकीला मालवणी हवा, दुसरीला आगरी, तिसरीला घाटावरचा कांदा-लसूण. गिरणगावातल्या खानावळी चालविणाऱ्या बायका ह्या बाजाराच्या सर्वांत कडक गिऱ्हाइका असत. पंधरा-वीस कामगारांची जेवणे रोज रांधणारीला फसवणे सोपे नव्हते. मसाला फिका पडला की गडी दुसऱ्या खानावळीत जाई. ह्याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ही आमच्या चळवळीतली एक गोष्ट जाता जाता सांगून ठेवतो.

मिरचीपासून सुरुवात करू. पैसा सर्वांत जास्त जातो तो तिच्यावर. रंग आणि तिखटपणा हे मिरचीतले दोन अगदी वेगळे गुण आहेत. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. रंग सालीत असतो. तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, बियांत नव्हे. बियांना तो शिरेच्या सोबतीने लागतो. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी सुरकुतलेली, गर्द लाल, रंगाला दांडगी पण तिखटाला सौम्य. 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. संकेश्वरी लांब, बारीक आणि झणझणीत. ती गडहिंग्लजच्या बाजारात येते. गुंटूरची तिखट. लवंगी तर विचारूच नये. जाणत्या बायका एक रंगाला आणि एक तिखटाला अशा दोन तरी मिरच्या मिसळतात. काश्मिरी हे नाव आज पुष्कळ दुकानांत गावाचे न राहता रंगाचे झाले आहे. तेव्हा त्या नावाला जादा भाव देण्यापूर्वी मिरची हातात घ्यावी.

हातात घेऊन काय पाहावे? हलवली की आत बी वाजले पाहिजे. साल मोडताना आवाज झाला पाहिजे. चामड्यासारखी वाकली तर ओल आहे. देठ घट्ट असावा, कारण देठ गेला की बुरशीला दार उघडे. पांढरे चट्टे असलेली मिरची सरळ बाजूला करावी. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातल्या दोन-चार काढून उभ्या फोडाव्यात. आत राखाडी-काळी बुरशी दिसली तर सौदा तिथेच संपला. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, आणि ते भाजल्याने किंवा फोडणीत घातल्याने जात नाही. तेलाचा हात फिरवून चकचकीत केलेली मिरचीही असते. ती पांढऱ्या रुमालावर घासून पाहावी.

पाणी मारलेली मिरची ओळखायला आम्हांला एका वृद्ध हमालाने शिकविले. घाऊक बाजाराचा मोठा भाग मशीद बंदरच्या गल्ल्यांतून वाशीला गेला, त्याच्यासोबत तेही गेले होते. एके सकाळी पाठीवर पोते घेतल्याबरोबर ते थांबले आणि म्हणाले, “दादा, हे पोतं काल रात्री न्हालंय.” मिरची वजनावर विकली जाते, पाणी फुकट मिळते. पाणी मारलेल्या पोत्याचा भार पाठीच्या खालच्या अंगाला उतरतो, कारण ओल तळाला बसते, असे ते सांगत. आम्ही संघटनेचे पुढारी, मजुरीच्या दरांचे तक्ते पाठ; पण मालाचे हे ज्ञान आमच्याकडे नव्हते. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, त्यामुळे ह्या माणसांच्या मजुरीला, भविष्यनिर्वाह निधीला काही आधार आला. त्यांच्या पारखेची मजुरी मात्र कोणत्याच तक्त्यात नाही.

मिरचीच्या भावात आणखी एक गोष्ट दडलेली असते. देठासकट आणि देठ मोडलेली असे दोन भाव दुकानदार सांगतो. ते देठ बायका मोडतात, किलोमागे ठरलेल्या मजुरीवर, दिवसभर मिरचीच्या ढिगात बसून. संध्याकाळी त्यांच्या बोटांची आग पाण्याने जात नाही. काही जणी हातांना तेल चोपडून कामाला बसतात, आणि घरी गेल्यावर लेकराला कितीतरी वेळ हात लावीत नाहीत. आमचे मत विचाराल तर देठासकट मिरची घ्यावी. ती टिकतेही अधिक. पण देठ मोडलेली घ्यायचीच असेल तर त्या चार पैशांवरून घासाघीस करू नये.

आता हळद. तिच्यावर बोलताना आम्ही थोडे गंभीर होणार आहोत. हळकुंड घेताना ते मोडून पाहावे. चांगले हळकुंड कडक असते, मोडताना टणत्कार होतो आणि आत गर्द नारिंगी रंग दिसतो. बाहेरून फार पिवळे आणि आतून फिके असे हळकुंड हे संशयाचे कारण. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे जवळच हरिपूरला जमिनीत पेवे खणून हळद साठविण्याची जुनी रीत होती; 2005 च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली.

हळकुंडाला बाहेरून झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग चोळण्याचा प्रकार कुठे कुठे होतो. बांगलादेशात संशोधकांनी 2019 साली हे उघडकीस आणले. त्या वेळी बाजारातल्या नमुन्यांपैकी शेकडा 47 मध्ये शिसे सापडले. सरकारने छापे घातले, व्यापाऱ्यांना आणि लोकांना धोका समजावून सांगितला, आणि 2021 पर्यंत तपासलेल्या नमुन्यांत शिसे सापडेनासे झाले. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते. आईने प्रेमाने दिलेल्या हळदीच्या दुधातून हे पोराच्या पोटात जावे, ह्याहून क्रूर भेसळ आम्हांला ठाऊक नाही. अख्खे हळकुंड पेलाभर पाण्यात टाकावे. पाण्याला लगेच पिवळा रंग सुटला तर वरून चोळलेले आहे. एवढी परीक्षा कोणालाही करता येते. आणि बांगलादेशाचे उदाहरण सांगायचे कारण असे की, ‘भेसळ ही चालायचीच’ असे म्हणणाऱ्यांना ते दाखविता यावे. दोन वर्षांत ती थांबविता आली.

लवंगेला नख लावावे. तेल ओलसर दिसले पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग वाळून पुन्हा बाजारात येते. ती सुरकुतलेली, हलकी, डोके गळालेली असते. पाण्यात टाकली की चांगली लवंग बुडते किंवा उभी तरंगते, तेल काढलेली आडवी पडते. वेलदोड्याचेही तसेच, तेल गेलेला दाणा चावला की भुसा लागतो. वेलदोडा हिरवागार आहे म्हणून भुलू नये, फोडून आतले दाणे काळे आणि चिकट आहेत का ते पाहावे.

मिरीत पपईचे बी मिसळतात हे सर्वश्रुत आहे. पपईचे बी लंबगोल, हिरवट-तपकिरी आणि पाण्यात तरंगणारे. भरीव मिरी तळाला जाते. व्यापारात मिरीची प्रत मापावर ठरते. लिटरच्या मापात 550 ग्रॅम भरली तर ती भरदार समजतात. घरी एवढा उपद्व्याप नको. दोन दाणे बोटांत दाबावेत, चुरा झाला तर पोकळ.

दालचिनीच्या बाबतीत फसवणुकीपेक्षा घोटाळा अधिक. ह्या एका नावाखाली दोन झाडांच्या साली विकल्या जातात. श्रीलंकेची खरी दालचिनी कागदासारखी पातळ, अनेक पदर एकात एक गुंडाळलेली, विडीसारखी, बोटांनी चुरडणारी आणि वासाला गोड. दुसरी कॅशिया, जाड, एकपदरी, मोडायला बत्ता लागतो, वास उग्र. आपल्या काळ्या मसाल्याला, मटणाच्या रश्श्याला कॅशियाच सवयीची आहे आणि तिच्यात काही वाईट नाही. फक्त पातळ सालीचा भाव जाड सालीला देऊ नये. अलीकडे मधुमेहावर म्हणून रोज चमचाभर दालचिनीची पूड घेणारे लोक भेटतात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की कॅशियात कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते आणि ते यकृताला बाधू शकते. जर्मनीच्या सरकारी संस्थेने 2006 साली तसा इशारा दिला होता. तमालपत्राला लांबीच्या तीन शिरा असाव्यात. एकच मधली शीर असलेले पान युरोपातल्या दुसऱ्याच झाडाचे, त्याला आपला वास नाही.

जायपत्रीविषयी एक मौजेची गोष्ट. मलबारकडे एक रानटी जायफळ होते, त्याच्या पत्रीला आपण रामपत्री म्हणतो. रंग गर्द लाल, वास जवळजवळ नाही. जुने युरोपीय व्यापारी आणि औषधशास्त्राची पुस्तके तिला ‘बॉम्बे मेस’, म्हणजे मुंबईची जायपत्री, म्हणतात, आणि ते नाव घेतात ते भेसळ म्हणून. आमच्या शहराचे नाव जगाच्या ग्रंथांत असेही अमर झाले आहे. रामपत्री रामपत्री म्हणून मसाल्यात घालायला हरकत नाही. जायपत्री फिकट नारिंगी असते आणि तुकडा चुरगळला की बोटांना तेलकट लागते.

तिरफळांचा विषय कोकणाबाहेर फारसा नाही. ती बांगड्याच्या कालवणाला घेताना काळे बी टाकून फक्त टरफल वापरायचे, म्हणून बी काढलेलीच घ्यावीत. जिऱ्यावर मात्र थोडे थांबू. 2019 साली दिल्लीतल्या बवाना भागात पोलिसांनी गवताचे बी, गुळाचे पाणी आणि दगडाची भुकटी ह्यांपासून जिरे बनविणारा कारखाना पकडला. जिरे तळहातावर जोराने चोळावे. हात काळा झाला किंवा मातकट चुरा पडला तर ते जिरे नव्हे.

हिंगाइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल नसेल. हिंग हा अफगाणिस्तान, इराण, मध्य आशिया इकडच्या एका झाडाच्या मुळाचा चीक. आपल्याकडे ते झाड लावण्याचा पहिला प्रयत्न हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात 2020 च्या ऑक्टोबरात झाला, तोवर सारा हिंग बाहेरचाच. शुद्ध चीक इतका उग्र असतो की त्यात डिंक आणि पीठ मिसळूनच तो विकतात, त्याला बांधानी हिंग म्हणतात. म्हणजे इथे मिसळ ही लबाडी नाही, रीतच आहे. लबाडी प्रमाणात होते. ज्यांना गव्हाचे पथ्य आहे त्यांनी डब्यावरची यादी वाचावी, कारण पीठ बहुधा गव्हाचे असते. पूड न घेता खडा घ्यावा.

आता पुडीकडे, म्हणजे दळलेल्या मसाल्याकडे वळू. वर सांगितलेल्या साऱ्या परीक्षा अख्ख्या वस्तूच्या आहेत. नखाला, दाताला, डोळ्याला पुरावा मिळतो तो वस्तू अखंड असते तोवर. दळली की पुरावा नष्ट. म्हणून भेसळ करणाराचे खरे राज्य पुडीत. मिरचीपुडीतल्या सुदान नावाच्या रंगामुळे 2005 साली ब्रिटनमध्ये चारशेहून अधिक खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. 2024 च्या एप्रिलात हाँगकाँग आणि सिंगापूर येथील अधिकाऱ्यांनी भारतातल्या काही पाकीटबंद मसाल्यांवर कारवाई केली. कारण इथिलीन ऑक्साइड हा जंतुनाशक वायू, जो कर्करोगकारक ठरलेला आहे. तेव्हा पाकिटावरची छपाई म्हणजे हमी नव्हे. पण उलट टोकही गाठू नये. सुटी पूड विकण्यास कायद्याने मनाई आहे, ती योग्यच आहे. पाकिटावर निदान नाव, तारीख आणि परवाना असतो, तक्रार करायला दार असते. 1954 च्या भेसळविरोधी कायद्याची जागा 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने 2011 पासून घेतली आहे. कोणीही गिऱ्हाईक पैसे भरून नमुना तपासून घेऊ शकते. आमच्या ओळखीतल्या किती जणांनी तो हक्क वापरला, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतात.

सर्वांत बरे म्हणजे अख्खा माल घ्यावा आणि समोर उभे राहून कुटून घ्यावा. चक्कीत पूड गरम होते आणि तेल वाफेबरोबर जाते. डंक संथपणे कुटतो, तापतो कमी. पण डंकावर उभे राहायला हवे. आधीच्या गिऱ्हाइकाची पूड खाली उरलेली असते; पहिली मूठ झाडून टाकायला सांगावी.

एकरकमी पैशाचा प्रश्न मात्र उरतोच. आमच्या हमालांच्या घरांतून बायकांनी तो असा सोडविला. बारा घरे दर महिन्याला थोडे थोडे पैसे एका डब्यात टाकतात, फाल्गुनाच्या अखेरीस त्या पैशांतून मिरचीचे अख्खे पोते आणि खडा मसाला घाऊक भावाने येतो, आणि चाळीच्या पडवीत तराजू लावून वाटणी होते. खरेदीला जाणाऱ्या तिघी दरवर्षी बदलतात, म्हणजे पारख सगळ्यांच्या हाती येते. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्यांतली एक, विशीतली, पहिल्यांदाच आलेली. दुकानदाराने पुढे केलेल्या लवंगेला तिने नख लावले, उजेडाकडे धरले आणि काही न बोलता परत ठेवली. दुकानदार म्हणाला, “मावशींनी शिकवलेलं दिसतंय,” आणि आतून दुसरे पोते आणविले.

घरी आणल्यावरचे थोडक्यात. कुटलेला मसाला पूर्ण निवल्याशिवाय भरू नये, नाहीतर वाफेचे पाणी होते. बरणी चिनीमातीची किंवा गडद काचेची, कोरडी खडखडीत. गच्च दाबून भरावी. रोजच्या वापराचा डबा वेगळा. मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडावी, तीही ओल्या हाताने नव्हे. आमची आई भरताना मध्ये मध्ये खडे मीठ पेरी, आणि वर हिंगाचे दोन खडे ठेवून, फडके बांधून, बरणी चुलीपासून लांबच्या फळीवर मागल्या बाजूला सरकवून देई. 1983 च्या उन्हाळ्यात ती बरणी पुन्हा भरली, अर्धीच. वडील तेव्हा एका गोदामात रोजंदारीवर जाऊ लागले होते.